किल्ली कोणाकडे?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले, की शहरातल्या कुठल्याही कलाकेंद्राची कुंडली पाहायची असेल तर त्याची किल्ली कोणाकडे असते तेवढं विचारावं. झालं. या महिन्यातली बहुतेक पत्रं त्या एका ओळीवर आलीत. काही कौतुकाची, काही चिडलेली. एका गृहस्थांनी एवढंच लिहिलंय, 'आमच्या केंद्राची किल्ली सध्या अध्यक्षांच्या मेहुण्याकडे आहे. काय करावं?' मेहुण्यांना तालमीला बोलवा आणि चहा पाजा, दुसरा उपाय मला ठाऊक नाही. बाकीच्यांना जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा आहे, एकांकिका स्पर्धांत काम करतो. ज्येष्ठ मंडळी भेटली की 'छबिलदासचे दिवस' म्हणून उसासे टाकतात. परवा मुद्दाम दादरला उतरून पाहून आलो. शाळा आहे, गल्लीत बटाटेवड्याला गर्दी आहे, बाकी काही नाही. तिथे नेमकं काय होतं? आणि एवढं मोठं होतं तर बंद का पडलं? – एक रंगकर्मी, ठाकुर्ली

अरे, वड्याची गर्दी पाहिलीस म्हणजे निम्मं छबिलदास पाहिलंस. उरलेलं निम्मं जिना चढून वर होतं.

प्रायोगिक नाटकं करणाऱ्या 'रंगायन'मधून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७१ मध्ये 'आविष्कार' ही नाट्यसंस्था काढली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही त्यातली ठळक नावं. माणसं होती, नाटकं होती, जागा नव्हती. मोठ्या थिएटरांच्या तारखा व्यावसायिक नाटकवाल्यांकडे, भाडं आवाक्याबाहेर. आणि ज्या नाटकाला शंभर माणसं आली तरी आनंद व्हायचा, त्याच्यासाठी हजार खुर्च्यांचं थिएटर घेऊन करायचं काय? सुलभाताई छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. १९७४ पासून त्या शाळेच्या सभागृहात संध्याकाळी प्रयोग होऊ लागले. सकाळी पाढे आणि प्रार्थना, संध्याकाळी बंगाली नाटककार बादल सरकार.

हा इतिहास तुला कोणीही सांगेल. मी जे सांगणार आहे ते सहसा भाषणात येत नाही. 'आविष्कार'नं ती जागा स्वतःपुरती ठेवली नाही. अमोल पालेकर तिथे आले, पंडित सत्यदेव दुबे आले, पुण्याची 'थिएटर अकॅडमी' आली, आणि ज्यांचं नाव आज कोणालाच आठवणार नाही अशा आमच्यासारख्या टीचभर संस्थाही आल्या. मी तेव्हा फोर्टातल्या एका बँकेत कारकून होते. पाचला लेजर बंद करायचं, सव्वापाचची लोकल धरायची, दादरला उतरून फूलबाजाराच्या चिखलातून साडी सावरत जिना चढायचा. अभिनय मला कधीच आला नाही. म्हणून मला तिकिटाच्या टेबलावर बसवलं. टेबल कसलं, शाळेचा बाक. ग्लुकोज बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुटे पैसे, शेजारी शिक्क्याचं पॅड, आणि पावतीपुस्तकाला कार्बन घालायला मी हमखास विसरायची.

दिवे घरचे. डालड्याच्या रिकाम्या डब्याला आतून होल्डर, बाहेरून काळा रंग, आणि झाला स्पॉट. डिमर म्हणून मिठाच्या पाण्याची बरणी. दोन पट्ट्या पाण्यात जवळ आणल्या की उजेड वाढतो, लांब नेल्या की कमी होतो. हे सांगताना आता माझ्याच अंगावर काटा येतो. कृपा करून कोणी करू नका, ते शॉक लागायचे आणि आम्ही हसायचो. खिडक्यांना लावायचं काळं कापड माझ्या आईनं शिवून दिलं होतं. तरी दादर ते दादर. नायिका अगदी हळू आवाजात 'मला सोडून जाऊ नकोस' म्हणतेय आणि खालून 'ए, दस का चार, दस का चार'. पहिल्या प्रयोगाला आम्ही हिरमुसलो. चौथ्या प्रयोगाला आमच्या दिग्दर्शकानं त्या आरोळीसाठी वाक्यात जागा ठेवली.

आता तुझा दुसरा प्रश्न. बंद पडलं हे कोणी सांगितलं? हॉल शाळेचा होता, तो नव्वदीच्या सुरुवातीला सोडावा लागला. 'आविष्कार' माहीमच्या पालिका शाळेत गेली आणि तिथे पुढे कितीतरी वर्षं तालमी, प्रयोग, वाचनं चालू राहिली. महेश एलकुंचवारांची वाडा-त्रयी, म्हणजे 'वाडा चिरेबंदी' आणि त्यापुढची दोन नाटकं, चंद्रकांत कुलकर्णींनी 'आविष्कार'साठी केली ती १९९४ मध्ये, म्हणजे छबिलदास सुटल्यावर. अरविंद देशपांडे १९८७ मध्ये गेले, तर त्यांच्या नावानं महोत्सव सुरू झाला. हे सगळं धरून ठेवणारा माणूस म्हणजे काकडेकाका. तारखा जुळवणं, पैसे गोळा करणं, रुसलेल्याची समजूत काढणं, नव्या पोराला 'ये, बघू या' म्हणणं. पंढरपूरला २०१४ मध्ये झालेल्या नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. आम्ही टेबलावर बसणारी माणसं त्या दिवशी फार खूश झालो. नटांना, लेखकांना मिळणारा मान तारखा जुळवणाऱ्याला मिळाला होता ना! २०१९ मध्ये काका गेले तेव्हा ते नव्वदीला टेकले होते.

पुढच्या वेळी तो जिना शोधत बसू नकोस. तुझ्या गावात शाळेचा कुठला हॉल संध्याकाळी रिकामा असतो आणि त्या शाळेत नाटकवेडी शिक्षिका कोण आहे, ते शोध.

प्रश्न : आमच्या प्रभागात महापालिकेनं देखणं सांस्कृतिक भवन बांधलं आहे. ग्रॅनाइट आहे, कारंजं आहे. महिन्यातले वीस दिवस कुलूप, उरलेले दहा दिवस साखरपुडे. आम्ही आठ निवृत्त माणसं आहोत, वेळ भरपूर आहे. तिथे खरंखुरं कलाकेंद्र उभं करायचं तर सुरुवात कुठून करावी? – आठजण, एका उपनगरातून

कारंजं चालू आहे का? माझा अनुभव असा की कारंजं उद्घाटनापुरतं चालतं.

तुम्ही आठजण एक चूक करणार, कारण आम्हीही केली होती. तुम्ही अर्ज लिहाल 'सदर भवन सांस्कृतिक उपक्रमांसाठी उपलब्ध करून मिळणेबाबत'. तो अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरेल आणि तुमच्यातले दोघं तेवढ्यात कंटाळतील. सगळं भवन मागूच नका. मागायचा तो एक कोपरा आणि एक वार. भवनात मुख्य सभागृहाखेरीज एखादी खोली असतेच. मीटिंगची म्हणतात, आणि आत मोडक्या खुर्च्या असतात. ती दर मंगळवारी सहा ते आठ मागा. मोडक्या खुर्च्या आम्हीच नीट लावून ठेवू म्हणा. ही खोली द्यायला अधिकाऱ्याला काही जड जात नाही.

मग मंगळवार चुकवायचा नाही. पाऊस असो, क्रिकेटची मॅच असो, दोनच माणसं येवोत. आमच्या एका अशाच खोलीत पहिले पाच आठवडे आम्ही सहाजणच एकमेकांना कथा वाचून दाखवत होतो. सहाव्या आठवड्याला शेजारच्या इमारतीतल्या एक बाई 'इथे रोज काय चालतं?' म्हणून डोकावल्या. रोज काहीच चालत नव्हतं, फक्त मंगळवारी चालत होतं, पण दिवा ठरल्या वेळी लागतो हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे त्यांनीच भजनी मंडळ आणलं आणि भजनी मंडळाबरोबर पेटी आली.

किल्लीचं सांगते. एका सरकारी सभागृहात (नाव नको) आमचा सहाचा प्रयोग होता आणि किल्ली आली सहा वाजून दहा मिनिटांनी. किल्लीवाला साहेबांच्या मुलीच्या ॲडमिशनला गेला होता. प्रेक्षक पायऱ्यांवर बसलेले. आमच्या नटांनी पायऱ्यांवरच नांदी म्हटली, बरी झाली. त्या दिवसापासून आम्ही चौकीदाराशी दोस्ती करायला शिकलो. इथला चौकीदार राजापूरकडचा, म्हणजे नमन या कोकणातल्या लोकनाट्याच्या मुलखातला. महिनाभर तो दाराशी उभा राहून तालीम ऐकायचा. एका दृश्यात आमचा मुलगा मृदंग वाजवायचा, म्हणजे बडवायचा. एक दिवस चौकीदार आत आला, चपला काढल्या, मुलाचा हात बाजूला केला आणि म्हणाला, 'असं नाय वो, नमनात असं वाजत नाय.' पुढच्या प्रयोगांना मृदंगावर तोच बसला, युनिफॉर्म बदलून. आणि किल्ली? ती मग साडेपाचलाच यायची.

कागदपत्रांचं थोडक्यात. मंडळ टिकलं असं वाटलं की नोंदणी करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. घटनेचा मसुदा दुसऱ्या संस्थेकडून उसना आणा, पण वाचून घ्या. आमच्या मसुद्यात उद्दिष्टांमध्ये गोशाळा राहून गेली होती. तिकीट लावून नाटक करणार असाल तर संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि लेखकाची लेखी परवानगी आधी. लेखकाचं मानधन द्याच. चहावाल्याचं बिल आपण थकवत नाही, मग लेखकाचं का थकवतो?

आठांपैकी एकाला हिशोबाला बसवा आणि त्याला कधीही स्टेजवर घेऊ नका. एकदा स्टेजवर गेला की वही बंद.

प्रश्न : मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर उन्हाळ्यात मुलांचं नाट्यशिबिर घेते. यंदा मागच्या वस्तीतली सात-आठ मुलं यायला लागली. मला आनंदच झाला. पण काही पालक म्हणतात, 'त्यांची वेगळी बॅच घ्या, भाषा बिघडते.' वाद नको म्हणून वेगळी बॅच घ्यावी का? – एक शिबिरवाली, ठाणे पश्चिम

घेऊ नका. आणि तुम्ही ठाण्यातून हे विचारता म्हणजे कमाल आहे, कारण याचं उत्तर तुमच्याच शहरात तयार आहे. नाटककार रत्नाकर मतकरींनी २०१४ मध्ये समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांनी आपल्या आयुष्यातल्या गोष्टी स्वतःच बसवायच्या आणि रंगमंचावर खेळायच्या. मतकरींचं नाव मोठं, त्यांनी आपली जुनी बालनाटकं या मुलांना पाठ करायला दिली असती तरी सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटर या बालनाट्यसंस्थेनं १९५९ मध्ये त्यांचं 'मधुमंजिरी' केलं तेव्हापासून ते मुलांसाठी लिहीत होते, म्हणजे माल भरपूर होता. पण इथे त्यांनी वही मुलांच्या हातात दिली. मतकरी २०२० मध्ये कोविडनं गेले. तुम्ही त्या कामातल्या कार्यकर्त्यांना जरूर भेटा.

माझा स्वतःचा एक प्रसंग सांगते, पालकांना सांगायला उपयोगी पडेल. आमच्या शिबिरात अशीच सरमिसळ होती. एक दिवस विषय दिला, 'पाणी'. कागदावर काही नाही, उभं राहून सुचेल ते करायचं. सोसायटीतल्या मुलांनी नळ सोडला, शॉवर घेतला, 'पाणी वाचवा' अशी घोषणा दिली आणि बसली. मग वस्तीतल्या चार मुली उठल्या. त्यांनी आधी कोपऱ्यातून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या आणि एका ओळीत जमिनीवर मांडल्या. मग चौघी लांब जाऊन बसल्या आणि सागरगोटे खेळायला लागल्या. आम्ही थांबलो. काही होईना. सोसायटीतला एक मुलगा वैतागून म्हणाला, 'अगं, सुरू करा ना!' त्यातली एक म्हणाली, 'सुरूच आहे. लाईन लागलीय.' तो म्हणाला, 'कुठाय लाईन? माणसंच नाहीत.' तिनं बाटल्यांकडे बोट दाखवलं. 'ही काय! हा माझा हंडा, हा मावशीचा, ही शोभाकाकूची कळशी. हंडा ठेवला की आपण उभं आहोत.' मग तिनं तिसरी बाटली उचलून पहिली केली, आणि पुढची पाच मिनिटं जे भांडण झालं त्याला तोड नाही. शिव्यांच्या जागी त्यांनी भाज्यांची नावं घातली होती, माझ्याकडे बघून. 'अगं ए दोडके!' भाषा बिघडणारच असेल तर अशी बिघडावी.

तो वैतागलेला मुलगा दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी आला आणि आपली बाटली दाराशी ठेवून खेळायला गेला.

पालकांशी वाद घालू नका, त्यांना एका सरावाला बसवा. आणि तुम्हीही एक पथ्य पाळा. वस्तीतल्या मुलांना दर वेळी वस्तीचंच नाटक द्यायचं नाही. त्यांनाही राजकन्या व्हायचं असतं, आणि मुकुट कोणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं. 'आविष्कार'च्या 'चंद्रशाळा' या मुलांच्या विभागानं 'दुर्गा झाली गौरी' केलं, त्यात स्टेज भरून मुलं असायची. माझ्या भाचीला त्यात जायचं होतं, पण माहीमला नेणार कोण म्हणून राहिलं, आणि अजून ती मला ऐकवते. शिबिराला मुलांना आणणारं आणि पोचवणारं मोठं माणूस कोण, हेसुद्धा लिहून ठेवा. वस्तीतली मुलं मध्येच गळतात ती याच कारणानं. आवड कमी पडते असं समजू नका.

प्रश्न : माझे मिस्टर गेली बावीस वर्षं एका कलासंस्थेचं काम विनामोबदला करतात. रविवार, सण, सगळं तिकडेच. लेकीच्या बारशाला ते खुर्च्या उतरवून घ्यायला गेले होते. संस्थेच्या पंचवीस वर्षांच्या स्मरणिकेत त्यांचं नाव 'आणि इतर' मध्ये आहे. मी रागावू नको तर काय करू? – एक इतर, कोल्हापूर

रागवा. मी तुमच्या बाजूनं आहे, आणि गंमत म्हणजे मी तुमच्या मिस्टरांच्या जागीही आहे. माझ्या मुलाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी एका शाळेच्या हॉलमध्ये पडद्याची दोरी सोडवत बसले होते. घरी आले तर त्यानं पेढा झाकून ठेवला होता, आणि बोलला काहीच नाही. तो पेढा मला अजून गोड लागलेला नाही.

स्मरणिका छापणाऱ्यांना मी वेगळं लिहिणारच आहे. 'आणि इतर' हे शब्द टंकातून काढून टाकावेत असं माझं मत आहे. जागा कमी पडत असेल तर अध्यक्षांचं मनोगत एक परिच्छेद कमी करा.

तुमच्यासाठी एकच सुचवते. एका प्रयोगाला तुम्ही त्यांच्याबरोबर जा. पहिल्या रांगेत पाहुणी म्हणून बसू नका, चार वाजता टेम्पोबरोबर जा. ते काय करतात ते पाहा. मग दोनच शक्यता आहेत. एक तर तुम्हाला त्यातलं काहीतरी आवडेल, कपडेपट म्हणा, रंगभूषेचं सामान म्हणा. नाही तर तुम्हाला कळेल की त्यातलं निम्मं काम दुसरं कोणीही करू शकतं, आणि तसं तुम्ही रात्री जेवताना त्यांना नेमकेपणानं सांगू शकाल. माझ्या घरी दुसरी शक्यता खरी ठरली. आमच्या यजमानांनी एका रविवारी येऊन, मी वीस मिनिटं जी तिकिटं मोजायचे ती चार मिनिटांत मोजून दाखवली. ते हयातभर पोस्टात होते.

प्रश्न : माझे वडील गिरणी कामगार. दामोदर हॉलमध्ये त्यांनी कामगार नाटकांत कामं केली, आमच्या गावमंडळाचं नमनही तिथेच व्हायचं. २०२३ पासून पुनर्विकासासाठी हॉल बंद आहे. वडील ८१ वर्षांचे आहेत, रोज विचारतात. आम्ही काय करू शकतो? – परळकर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दामोदरला मी प्रेक्षक म्हणूनच गेले, तेही मोजक्या वेळा, त्यामुळे तुमच्या वडिलांना जे ठाऊक आहे ते मला नाही.

पण आजच्या मुलांना एवढं तरी सांगायला हवं की परळचा तो हॉल कोणा शेठजीच्या करमणुकीसाठी उभा राहिलेला नव्हता. कामगारनेते ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालयं, कामगारांसाठी जे जे करता येईल ते. हॉल झाला १९२२ मध्ये, त्याच लीगच्या छत्राखाली. म्हणजे आज आपण 'सामाजिक उपक्रम राबवणारं कलाकेंद्र' असं जड नाव देतो, ते गिरणगावात शंभर वर्षांपूर्वी चालू होतं, पाळी सुटल्यावर. कोकणातली माणसं गाळ्यात दाटीवाटीनं राहायची, गावाच्या नावानं मंडळ काढायची आणि वर्षातून एकदा हॉल घेऊन शक्ती-तुरा, नमन लावायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, माणसं विरार-डोंबिवलीला पांगली, तरी प्रयोगाच्या रात्री परत परळलाच यायची.

इमारतीचं पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण नवा हॉल होणार असं जिथे जिथे सांगितलं जातं, तिथे आधी नकाशा मागून घ्यावा, तोही लेखी पत्र देऊन, मंडळांच्या सह्यांसकट. किती आसनं, विंगेत किती जागा, रंगपट किती, सेटचा ट्रक मागे कुठे लागणार, आणि सामान कितव्या मजल्यावर चढवायचं. नमनाला गणपतीचं सोंग येतं, रावण येतो दहा तोंडांचा. तो रावण लिफ्टमध्ये मावणार आहे का, हे आर्किटेक्टला ठाऊक नसतं. तुमच्या वडिलांना ठाऊक आहे. त्यांना घेऊन जा.

आणि आज रात्री दुसरं काम करा. मोबाइल त्यांच्यासमोर ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि एवढंच विचारा, 'बाबा, प्रयोग संपल्यावर शेवटची गाडी कशी पकडायचात?' नाटकाचं विचारलंत तर ते भाषण देतील. गाडीचं विचारलंत तर बरोबर कोण कोण असायचं, कोणी डबा आणलेला, कोणाच्या तोंडावरचा रंग तसाच राहिलेला, सगळं बाहेर येईल. जुनी हँडबिलं असतील तर ट्रंकेतून काढा आणि त्यावरचं प्रत्येक नाव वडिलांकडून वाचून घ्या, टोपणनावासकट.

प्रश्न : तुम्ही मागे लिहिलं होतं की घडीच्या खुर्च्यांचा आवाज थांबवण्याचा तुमच्याकडे उपाय आहे. आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये ६० लोखंडी खुर्च्या आहेत. गंभीर प्रसंगी हमखास किंचाळतात. उपाय सांगाल का? – ग्रंथपाल, मिरज

सायकलची जुनी ट्यूब. दुरुस्तीवाले फुकट देतात किंवा किलोवर. पंक्चरची ठिगळं असलेला भाग टाकून द्या. बाकीच्याचे बोटभर लांबीचे तुकडे कापा, खुर्चीच्या पायावर मोज्यासारखे चढवा. ओले केले की सरकतात, साबणाचं पाणी उत्तम. घडीच्या खुर्चीचा पाय खाली वाकलेला नळीसारखा असतो, तिथे तुकडा उभा चिरून गुंडाळावा लागतो आणि वरून बारीक तारेनं आवळायचा. तारेची गाठ आतल्या बाजूला, नाही तर साड्या फाटतात. एकदा माझी स्वतःचीच फाटली होती, टेबलावरून उठताना, तिसऱ्या घंटेला.

साठ खुर्च्यांचे दोनशे चाळीस पाय. चौघंजण दोन संध्याकाळी करतात. आमचं रबर तीन पावसाळे टिकलं, मग कडक होऊन तुटायला लागलं. तेव्हा थोडे तुकडे जास्तीचे कापून डब्यात ठेवा आणि डब्यावर लिहून ठेवा आत काय आहे. आमच्या डब्यावर कोणी लिहिलं नव्हतं, दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात गेला.